कोकणच्या समुद्रासाठी संशोधन-निधी: निरीक्षण, जाळी की मत्स्यशेती?

सामाजिक उत्तरदायित्वाच्या निधीतून कोकणातील मच्छीमारांसाठी काहीतरी करावे, असा प्रस्ताव कंपन्यांच्या समित्यांपुढे आला की त्याचा शेवट बहुधा शीतपेट्या वाटण्यात किंवा मासळी सुकवण्याचे ओटे बांधण्यात होतो. ही कामे वाया जात नाहीत; पण हवामानबदलाने समुद्रच बदलत असताना पेटीत ठेवायला मासळी किती उरेल, या प्रश्नाला ती हात घालत नाहीत. संशोधनाला पैसा देण्याची वाट कायद्याने मोकळी ठेवलेली आहे. कंपनी कायदा २०१३ च्या सातव्या अनुसूचीनुसार भारतीय कृषी अनुसंधान परिषद आणि सीएसआयआर (वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद) यांच्या संस्थांना संशोधनासाठी दिलेला निधी या खर्चात धरता येतो. म्हणजे कोची येथील केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्था व केंद्रीय मत्स्यिकी तंत्रज्ञान संस्था, तसेच गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था यांच्याबरोबर थेट करार होऊ शकतो. समितीपुढे येणाऱ्या प्रस्तावांचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात: समुद्राचे व मासळीचे दीर्घकालीन निरीक्षण, जाळ्यांमधील सुधारणा आणि मत्स्यशेती.

निरीक्षणाचे मोल केरळातील तारली (सार्डिन) या माशाच्या उदाहरणावरून लक्षात येते. २०१२ मध्ये तेथे सुमारे चार लाख टन तारली उतरली. २०२१ मध्ये तो आकडा साडेतीन हजार टनांच्याही खाली गेला. ही घसरण एल निनोमुळे (प्रशांत महासागराचे पाणी अधूनमधून तापण्याच्या घटनेमुळे) झाली, लहान तारली बेसुमार पकडल्यामुळे झाली, की दोन्हींमुळे, हा वाद मुळात घालता येतो तो बंदरोबंदरी मासळी मोजण्याची पद्धत अनेक दशके चालू आहे म्हणून. महाराष्ट्रात २०१९ साली २.०१ लाख टन मासळी उतरली आणि ती ४५ वर्षांतील नीचांकी ठरली. पण त्याच वर्षी ‘क्यार’ आणि ‘महा’ या चक्रीवादळांमुळे नौका ऐन हंगामात बंदरात अडकून पडल्या होत्या. तेव्हा मासळी कमी झाली की समुद्रात घालवलेले दिवस कमी झाले, हे उतरलेल्या मासळीच्या वजनावरून कळत नाही. त्यासाठी नौकेचे दिवस, ओढींची संख्या (जाळे किती वेळा ओढले), माशांची लांबी, पाण्याचे तापमान आणि विरघळलेला प्राणवायू यांची सलग नोंद लागते. अरबी समुद्राच्या मधल्या थरांत प्राणवायू आधीच फार कमी असल्याने यांतली शेवटची नोंद विशेष महत्त्वाची आहे. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने गोव्यात कांदोळीसमोर १९९७ पासून अशी नोंद ठेवली आहे.

या पर्यायाची अडचण पैशाच्या स्वरूपात आहे. सामाजिक उत्तरदायित्वाच्या नियमांनुसार चालू प्रकल्पाची मुदत सुरुवातीचे आर्थिक वर्ष सोडून तीन वर्षांपेक्षा जास्त असू शकत नाही, आणि तीन-चार वर्षांच्या आकड्यांत हवामानाचा कल दिसत नाही, त्यात दिसतात ते फक्त चढउतार. म्हणून अशा निधीतून नवी नोंदमाला सुरू करणे मला चुकीचे वाटते. आधीपासून चालू असलेल्या नोंदमालेतील उणिवा भरून काढणे, उदाहरणार्थ मच्छीमारांच्याच जाळ्यांना तापमान व खोली मोजणारी छोटी उपकरणे बांधणे, हे मात्र या मुदतीत बसते.

जाळ्यांचे संशोधन याच्या उलट आहे: त्याचे उत्तर एका-दोन हंगामांत हाती येते. नौकेमागून ओढल्या जाणाऱ्या ट्रॉल जाळ्याच्या शेवटच्या पिशवीला नेहमी शंकरपाळ्याच्या आकाराचे आस, म्हणजे जाळ्याची छिद्रे, असतात. ओढीचा ताण आला की ते मिटतात आणि पिल्ले आत अडकतात. चौकोनी आस ताणाखालीही उघडे राहतात. सिंधुदुर्गात ४० मिलिमीटरच्या चौकोनी आसाचे प्रयोग यापूर्वी झालेले आहेत. याचा हवामानाशी काय संबंध, असे समितीतील एखादा सदस्य विचारेलच. पाणी तापल्याने प्रजननाचा एखादा हंगाम वाया गेला, तर तो तोटा भरून काढायला निरनिराळ्या वयाचे मासे समुद्रात शिल्लक असावे लागतात. पिल्लेच उपसून काढली तर तो आधार राहत नाही. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये ५४ प्रजातींसाठी किमान कायदेशीर आकार ठरवला, पण पट्टीने मोजायच्या वेळी मासा डेकवर मेलेला असतो. तो जगणार की नाही, हे जाळ्यातच ठरते.

हा मार्ग मात्र सरळ नाही. आपल्या समुद्रात एका ओढीत वीस प्रकारची मासळी येते, आणि सरंग्याच्या पिल्लाला वाट देणारा आस मांदेली व कोळंबीलाही वाट देतो. भरती-ओहोटीच्या प्रवाहात एका जागी बांधून ठेवलेल्या डोल जाळ्याचा प्रश्न तर आणखी अवघड आहे, कारण जवळा आणि बोंबील यांवर चालणाऱ्या त्या जाळ्याचा आस नुसता मोठा केला तर धंदाच बसतो. खरे संशोधन तेथेच हवे आहे आणि प्रस्ताव बहुधा ट्रॉलरचेच येतात. शिवाय प्रयोगाच्या काळात निसटलेल्या मासळीची भरपाई अंदाजपत्रकात धरलेली नसेल, तर दुसऱ्या आठवड्यात जुने जाळे परत पाण्यात जाईल, आणि त्याबद्दल नाखव्याला (नौकेच्या मालकाला) दोष देता येणार नाही.

मत्स्यशेतीचे प्रस्ताव छायाचित्रांत सर्वांत देखणे दिसतात. खाडीतील कालवे, शिनाणे (दोन्ही शिंपल्यांचे प्रकार) आणि खेकडे यांच्या संवर्धनातून महिला बचत गटांना पूरक उत्पन्न मिळू शकते, हे खरे आहे. पण पावसाळ्यात खाडीची क्षारता कोसळते, त्यामुळे शिनाण्यांचे पीक त्याआधीच काढावे लागते. आणि ‘निसर्ग’ (२०२०) व ‘तौक्ते’ (२०२१) पाहिलेल्या किनाऱ्यावर उघड्या समुद्रातील पिंजरे ही जोखीमच आहे. अशा प्रस्तावात ‘सिल्व्हर पॉम्पानो’ हे नाव वाचून आपले पापलेट पिंजऱ्यात वाढणार, असा समज करून घेऊ नये. तो वेगळा मासा आहे. येथे निधी द्यायचाच असेल तर बीजनिर्मिती (संवर्धनासाठी पिल्लांची पैदास), रोग आणि जागेची निवड यांवरील संशोधनाला द्यावा, पिंजरे विकत घेण्याला नव्हे. कृत्रिम भित्तिकांसाठी, म्हणजे माशांना आसरा म्हणून समुद्रतळाशी ठेवलेल्या रचनांसाठी, सरकारी योजना आहेतच. त्यांचा परिणाम मोजणाऱ्या कामापलीकडे खाजगी पैशाची गरज मला दिसत नाही.

तीन-चार वर्षांचा निधी असेल तर मी निम्म्याहून अधिक वाटा जाळ्यांना देईन, त्यातही डोल जाळ्यांना अग्रक्रम देईन, आणि त्याच नौकांवर मोजमापाची उपकरणे बसवणे ही कराराची अट ठेवीन. उरलेला पैसा चालू नोंदमालेला द्यावा. मत्स्यशेती या फेरीत बाजूला राहिली तरी चालेल. कायमस्वरूपी ठेव असलेल्या विश्वस्त संस्थेने मात्र हा क्रम उलटा करावा, कारण व्याजावर दरवर्षी चालणारे निरीक्षण करणे तिलाच शक्य आहे. दोघांनीही आकडेवारी खुली राहील आणि निष्कर्ष मराठीत मच्छीमार सोसायटीपुढे मांडले जातील, हे करारात लिहून घ्यावे.

वेळापत्रकाची एक बाब बैठकीत सहसा कोणी काढत नाही. आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होते आणि राज्याच्या जलधिक्षेत्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. मार्चअखेरीस घाईने निधी दिला तर जाळी शिवून होईपर्यंत हंगाम संपतो आणि पहिल्या वर्षाच्या अहवालात केवळ खरेदीची यादी येते. करार फेब्रुवारीपर्यंत झाला, तर एप्रिल-मे मध्ये जुन्या जाळ्यांची आधारभूत मोजणी, बंदीच्या काळात नवी जाळी शिवणे आणि १ ऑगस्टला ती पाण्यात टाकणे, असा क्रम बसतो.