मोडी लिपीचा वीकेंड क्लास केला, अनुभव सांगते
आजोबांच्या ट्रंकेत एक जुनं, मोडीत (म्हणजे पूर्वी मराठी कागदपत्रं लिहायच्या लिपीत) लिहिलेलं खरेदीखत सापडलं आणि घरात कुणालाच वाचता येईना, म्हणून पुण्यातल्या एका छोट्या मोडी क्लासला नाव घातलं. दहा रविवार. सर आधी ओळभर रेघ मारून घेतात मग तिला लटकवत अक्षरं, बोरू (लिहायची लेखणी) शक्यतो उचलायचा नाही, दोन शब्दांत जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घ नाही, पहिले तीन आठवडे डोकं नुसतं गरगरतं.

पण मनाला लागलं ते वेगळंच. इंग्रजांच्या काळात शाळेची पुस्तकं मुख्यतः बाळबोधीत, म्हणजे आपल्या नेहमीच्या देवनागरीत, छापली गेली, कारण मोडीचे छपाईचे खिळे पाडणं अवघड, मग १९१७ मध्ये मुंबई सरकारनं कारभारातूनही मोडी काढायचं ठरवलं, आणि दोन-तीन पिढ्यांत आपल्याच घरचे कागद आपल्याला परके झाले. फार वाईट वाटतं याचं.

सर शिकवतात मनापासून, एकच अक्षर चार-चार हस्ताक्षरांतलं दाखवतात. तक्रार एकच, सरावाच्या झेरॉक्स फार पुसट असतात.

नवव्या रविवारी खरेदीखतात पणजोबांचं नाव माझं मला वाचता आलं, रडूच आलं. नक्की जा, बोरू तिथेच मिळतो.