नादारीचा अर्ज आणि विधी सेवेतून मिळालेल्या वकीलबाई

देणी फेडणं अशक्य झालं म्हणून मी कोर्टात नादारीचा, म्हणजे दिवाळखोरीचा, अर्ज केला, त्याची ही हकीकत. आधी आकडा सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. माझ्यावर 11,40,000 रुपयांचं कर्ज होतं. बँकेचे 4,10,000, कापडवाल्यांचे 2,60,000, क्रेडिट कार्डाचे 1,35,000, एका सावकाराचे 1,20,000, मोबाइलवरच्या दोन ॲपचे मिळून 85,000, बायकांच्या गटाच्या कर्जाचे 70,000, दिराचे 42,000 आणि माझ्याकडे शिवणाऱ्या दोघींचा पगार 18,000. हे सगळे आकडे मला आजही तोंडपाठ आहेत.

मी सोलापूरची, पूर्व भागात राहते. शाळेचे गणवेश शिवायचा माझा छोटा कारखाना होता. 2018 मध्ये मुद्रा कर्ज काढून 5 मशीन आणि एक ओव्हरलॉक घेतलं. काजबटण बाहेरून करून घ्यायचे. गणवेशाचा धंदा म्हणजे जानेवारी ते मे मान मोडून शिवायचं आणि जूनमध्ये पैसे मोजायचे. 2020 च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा माझ्याकडे 3 शाळांचा माल तयार होता. निळ्या चौकड्यांचे 640 शर्ट नुसते खिशावर बिल्ला लावायचे राहिले होते. एका शाळेची चौकडी दुसऱ्या शाळेला चालत नाही. हप्त्यांना ऑगस्टपर्यंत सवलत मिळाली, पण व्याज चढतच राहिलं. मग एकाचं देणं भागवायला दुसऱ्याकडून घेतलं, दुसऱ्याचं भागवायला ॲपवरून घेतलं.

पहिली चूक सांगते, कारण अजून कितीतरी जण तीच करताना दिसतात. "कर्जातून सोडवतो" असं सांगणारी एक कंपनी मला फोनवर सापडली. नाव लिहीत नाही. त्यांनी 28,000 रुपये फी घेतली, तीही मी बहिणीकडून आणून दिली आणि नंतर फेडली. सगळे हप्ते थांबवा, खात्यात पैसे ठेवू नका, बाकी आमचे वकील बघतील, असं सांगितलं. त्यांचा वकील मी एकदाही पाहिला नाही. एका छापील नमुन्यात माझं नाव घालून सगळ्यांना सारखंच पत्र गेलं. खात्यात पैसे नाहीत म्हटल्यावर कापडवाल्याकडे तारण म्हणून दिलेला 60,000 चा चेक परत गेला आणि माझ्यावर चेक न वटल्याची, कलम 138 ची फौजदारी केस लागली. त्या कलमात दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते हे मला समन्स हातात पडल्यावर कळलं. त्या रात्री आमचे हे कारखान्यातून, टॉवेलच्या लूमवरून आले, समन्स वाचलं आणि न जेवता झोपले. आम्ही दोघं त्याबद्दल एक शब्द बोललो नाही.

शेजारच्या अंगणवाडीताईंनी सांगितलं म्हणून मी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात गेले, तिथे मोफत वकील मिळतो. हे कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारात असतं, तालुक्याच्या गावी तालुका विधी सेवा समिती असते. मला वाटत होतं मोफत वकील म्हणजे पिवळं रेशनकार्ड असलेल्यांनाच. तसं नाही. विधी सेवेच्या 1987 च्या कायद्यात बाईला उत्पन्नाची अट नाही. बाई आहे एवढं पुरे. वकिलाची फी, कोर्ट फी, नोटिशीचा खर्च, काहीच आपल्याला पडत नाही. अर्ज एक पानाचा, सोबत आधारकार्ड आणि आलेल्या नोटिसा. 15100 या नंबरवर फोन करूनही विचारता येतं.

मला ज्या वकीलबाई मिळाल्या त्या वयाने माझ्यापेक्षा बऱ्याच लहान. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ताई, तुमची केस नादारीची आहे. मी आजवर नादारीचा अर्ज केलेला नाही. मला आठ दिवस द्या, मी वाचून सांगते." खरं सांगते, या एका वाक्यावर माझा त्यांच्यावर विश्वास बसला. त्या कंपनीच्या माणसाला सगळंच येत होतं.

आठ दिवसांनी त्यांनी मला आधी काय होणार नाही ते सांगितलं. दिवाळखोरीचा 2016 चा नवा कायदा पेपरात वाचतो तो कंपन्यांसाठी आणि कंपन्यांना जामीन राहिलेल्यांसाठी चालतो, साध्या माणसासाठीचा त्यातला भाग सुरूच झालेला नाही. माझ्यासाठी 1920 चा प्रांतिक नादारी कायदा, इंग्रजांच्या काळातला. (मुंबई शहराला आणखी वेगळा, 1909 चा.) या कायद्याने बँकेचा मशीनवरचा हक्क जात नाही, बँक मशीन नेणारच. चेकची फौजदारी केस थांबत नाही, ती वेगळी मिटवावी लागेल. नवऱ्याचं किंवा सासऱ्यांचं कर्ज यात येत नाही, आणि सासऱ्यांच्या नावावरचं घरही येत नाही. मग मिळतं काय? कोर्टाने नादार जाहीर केलं की त्या देण्यांसाठी कोणी परवानगीशिवाय परस्पर दावा लावू शकत नाही, देण्यापायी अटक होऊ नये म्हणून संरक्षण मागता येतं, आणि शेवटी कोर्टाने मुक्त केलं तर उरलेलं देणं कायद्याने संपतं. आणि या सगळ्याला महिने नाही, वर्षं लागतील. हे सगळं त्यांनी एका कागदावर दोन रकाने करून लिहून दिलं. तो कागद माझ्याकडे आहे.

अर्ज करायला किमान किती देणं लागतं माहीत आहे? 500 रुपये. 1920 मध्ये लिहिलेला आकडा तसाच आहे.

अर्जात प्रत्येक देणेकऱ्याचं, म्हणजे ज्याचे पैसे आपण देणं लागतो त्याचं, नाव, पत्ता, रक्कम आणि आपली प्रत्येक वस्तू किमतीसकट लिहावी लागते. त्यासाठी वकीलबाई एका रविवारी घरी आल्या. स्वयंपाकघरात पाटावर बसून त्यांनी यादी केली. भांडी, अंथरूण-पांघरूण, अंगावरचे कपडे कायद्याने सुटतात. मंगळसूत्र सुटतं. मी गळ्यावर हात ठेवला होता, त्या म्हणाल्या, "ते राहू द्या, ते यादीत जाणारच नाही." लग्नात आईने दिलेलं पायमशीन कारागिराचं हत्यार म्हणून सुटलं. पण कानातल्या कुड्या सुटल्या नाहीत, त्या दागिना म्हणून लिहिल्या. फ्रिज लिहिला, स्कूटी लिहिली. त्याआधी जाऊबाई मला म्हणाल्या होत्या, ओव्हरलॉक माझ्याकडे आणून टाक, कोण बघायला येतंय. मी वकीलबाईंना तसं विचारलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "ताई, मालमत्ता लपवली तर या कायद्यात एक वर्षाची कैद आहे. आणि तुम्ही एक गोष्ट लपवलीत की तुमच्या बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही कोणी विश्वास ठेवणार नाही." रागाने नाही बोलल्या, पण मला ते कायमचं लागलं.

मला सगळ्यात जड गेलं ते माझ्या दोघी शिवणाऱ्यांचं. दोघींचे 9,000 प्रत्येकी राहिले होते. माझं म्हणणं होतं, बाकी कोणाचं काहीही होवो, अर्ज करण्याआधी या दोघींचे देऊन टाकते. वकीलबाईंनी अडवलं. अर्जाच्या आधीच्या तीन महिन्यांत एका देणेकऱ्याला मुद्दाम झुकतं माप दिलं तर कोर्ट तो व्यवहार रद्द धरू शकतं, आणि पैसे त्या बायकांकडूनच परत मागितले जातील. कायद्यात कामगाराच्या पगाराला पहिला मान आहे, पण किती? माणशी 20 रुपये. पुढचं सगळं बँकेच्या आणि ॲपच्या रांगेत. मी त्यांच्याशी भांडले. त्या म्हणाल्या, कायदा असा आहे, मी तो बदलू शकत नाही, पण मुक्तीचा आदेश झाल्यावर तुम्ही स्वतःच्या कमाईतून कोणाला काय द्यायचं त्याला कोणी अडवणार नाही. मग त्यांनीच सुचवलं की हे दोघींना तुम्ही जाऊन सांगा, नोटिशीतून कळू देऊ नका. मी गेले. एकीने चहा केला. दुसरी काही बोलली नाही, दारातच उभी राहिली.

चेकची केस राष्ट्रीय लोकअदालतीत मिटली. माझ्या भावाने त्याच्या खात्यातून 40,000 दिले आणि कापडवाल्याने केस मागे घेतली. पैसे माझ्या हातातून जाऊ नयेत, भावाच्या खात्यातूनच जावेत, यावर वकीलबाई अडून बसल्या होत्या. त्याचं कारण मला नंतर सुनावणीत कळलं, जेव्हा बँकेच्या वकिलांनी हे पैसे कोणाच्या खात्यातून गेले असं विचारलं; माझे असते तर तेही एकाला झुकतं माप ठरलं असतं.

त्या सुनावणीत सगळ्या देणेकऱ्यांसमोर मला विचारलं गेलं. माल का शिवला, ऑर्डर कोणाची होती, कर्ज कुठे खर्च केलं. माझ्या वहीत प्रत्येक ताग्याची तारीख होती. वही नसती तर मी काय सांगितलं असतं, देव जाणे. तुम्ही धंदा करत असाल तर वही फाडू नका, जळू देऊ नका, रद्दीत घालू नका.

कमी काय पडलं तेही लिहिते. पहिला अर्ज दुरुस्तीसाठी परत आला, कारण ॲपवाल्यांचे पत्ते अपुरे होते. दोनपैकी एका ॲपचा पत्ता शोधायला दोन महिने गेले. वकीलबाईंकडे कामं खूप, त्यामुळे दिवसा फोन लागत नसे. संध्याकाळी सातनंतर त्या स्वतः करायच्या. एका तारखेला त्या आल्या नाहीत, दुसऱ्या वकिलांना पाठवलं आणि त्यांना माझी फाइल नीट माहीत नव्हती, तो दिवस फुकट गेला. ज्याला महिन्याभरात सुटका हवी आहे त्याला हा मार्ग फार लांब वाटेल. पण माझ्याकडून एक रुपया मागितला नाही, त्यांनीही नाही, कार्यालयातल्या कोणीही नाही. आणि वसुलीवाल्यांचा फोन रात्री नऊला आला तेव्हा काय बोलायचं हेही त्यांनीच शिकवलं: सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे, तुमचं नाव आणि कंपनी सांगा, मी लिहून घेते. एवढं म्हटलं की समोरचा फोन ठेवतो.

नादार जाहीर झाल्यावर कोर्टाने नेमलेले रिसीव्हर, म्हणजे मालमत्ता ताब्यात घेऊन विकणारे, माल मोजायला आले. मोजणारा मुलगा एकेक शर्ट उचलून बाजूला ठेवत होता. मी डझनाच्या गठ्ठ्यांनी बांधून ठेवले होते, म्हणून म्हटलं, गठ्ठे मोजा, प्रत्येकात बारा आहेत. तरी त्याने दोन गठ्ठे सोडून पाहिले. बरोबर बारा निघाले. मला त्या क्षणी उगाच बरं वाटलं. तो सगळा माल 21,000 ला गेला. कुड्या आणि स्कूटी वेगळी गेली.

त्या काळातला एक नियम रोजच्या जगण्यात सगळ्यात जास्त टोचला. मुक्तीचा आदेश होईपर्यंत कोणाकडूनही 50 रुपये किंवा त्यावर उधारी घ्यायची तर आपण नादार आहोत हे त्याला आधी सांगायचं. न सांगता घेतली तर सहा महिन्यांपर्यंत शिक्षा. आमचं किराणा दुकान उधारीच्या वहीवर चालायचं. मी दुकानात गर्दी नसताना दुपारी गेले आणि अण्णांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं, माझी वही काढली, मागची बेरीज शून्य आहे हे मला दाखवलं आणि म्हणाले, "रोख घेऊन जा बाई, पण येत जा." दोन वर्षं आम्ही रोखीनेच खाल्लं. तेल पावशेर आणलं, पण रोख आणलं.

मुक्तीच्या अर्जाला बँकेने हरकत घेतली. मालमत्तेतून रुपयाला आठ आणे इतकंही देणं फिटत नसेल तर कोर्ट सरळ मुक्ती नाकारू शकतं, आणि माझं तर चार आणेही फिटत नव्हतं. पण ज्या कारणाला माणूस जबाबदार नाही त्या कारणाने असं झालं असेल तर सूट आहे. वकीलबाईंनी शाळा बंद झाल्याच्या तारखा आणि माझ्या वहीतल्या ताग्यांच्या तारखा शेजारी शेजारी मांडल्या. उधळपट्टी नाही, सट्टा नाही, जुगार नाही, आणि मुलीचं लग्नसुद्धा या कर्जातून केलेलं नाही, हे त्यांनी एकेक पान उलटत दाखवलं. आदेश माझ्या बाजूने झाला, फक्त सहा महिन्यांनी लागू होईल असा. ते सहा महिने 2025 च्या दिवाळीआधी संपले.

आता पायमशीनवर ब्लाउज आणि पिको-फॉल करते. ज्यांना असा अर्ज करायचा आहे त्यांना माझं एवढंच सांगणं: हप्ते थांबवायच्या आधी विधी सेवेत जा, नंतर नाही. जाताना सगळ्या नोटिसा, पासबुकं, धंद्याची वही, कोणाकोणाला कोरे चेक दिलेत त्याची यादी घेऊन जा. ज्यांच्या नावाची लाज वाटते ती नावंही यादीत लिहा, मी दिराचं नाव आधी लिहिलंच नव्हतं.

त्या दोघींना रिसीव्हरकडून वाट्याला आले ते प्रत्येकी जेमतेम सातशे. बाकीचे 8,300 मी दर महिन्याच्या पाच तारखेला 500 असे देते आहे, दोघींना सारखे. दारात उभी राहिलेली ती गेल्या महिन्यात तिच्या सुनेचे चार ब्लाउज माझ्याकडे टाकून गेली.