एमएसचं निदान झालंय: कॅप्सूल घ्यावी की रिटुक्सिमॅब?

एमएस म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस: शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूवर हल्ला करते तो आजार. स्टेरॉइडच्या सलाईनने अटॅक ओसरला की पुढचा टाळायला काय घ्यायचं, हा प्रश्न येतो. रिलॅप्सिंग, म्हणजे पुन्हापुन्हा अटॅक येणाऱ्या एमएसमध्ये आपल्याकडे बऱ्याचदा डायमिथाइल फ्युमरेटची कॅप्सूल आणि सलाईनमधून दिलं जाणारं रिटुक्सिमॅब यांतून एक निवडावं लागतं.

त्याआधी एक तपासणी. दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेली असेल किंवा एमआरआयमध्ये मज्जारज्जूत लांबलचक डाग दिसला असेल, तर रक्तातल्या एक्वापोरिन-४ आणि मॉग अँटिबॉडी पाहून घ्याच. एनएमओ (न्यूरोमायलायटिस ऑप्टिका) हा आजार एमएससारखाच दिसतो, पण एमएसच्या काही औषधांनी तो उलट बळावतो.

फ्युमरेट घरीच घेता येतं. पहिला आठवडा १२० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, मग २४०. चेहरा-कान लालबुंद होऊन भाजल्यासारखे वाटतात, पोटात मुरडा येतो. भरल्या पोटी घेतलं तर त्रास कमी होतो आणि सहसा महिन्याभरात निवळतो. दर तीन-सहा महिन्यांनी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी करायची. लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) बरेच महिने ५०० च्या खाली राहिले तर औषध बदलतात, कारण पीएमएल हा मेंदूचा दुर्मिळ पण जिवावरचा संसर्ग होऊ शकतो.

रिटुक्सिमॅबला सहा महिन्यांतून एकदा दिवसभर ॲडमिट व्हायचं. आधी पॅरासिटामॉल, ॲलर्जीचं औषध आणि स्टेरॉइड, मग सलाईन अगदी सावकाश. घसा खवखवला, थंडी वाजली तर लगेच नर्सला सांगायचं. वेग कमी केला की बहुतेकदा थांबतं. हिपॅटायटिस बी आणि टीबीची तपासणी आधीच हवी. लसीही आधीच घ्या, नंतर त्या नीट लागू पडत नाहीत. औषधाच्या अधिकृत उपयोगांत एमएस नाही, त्यामुळे विम्याचा दावा अडू शकतो. मात्र जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये एमएससाठी ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं, हे दाव्याच्या पत्रात डॉक्टरांना जरूर लिहायला सांगा.

स्वीडनमध्ये या दोघांची थेट तुलना झाली, २०२२ मध्ये ती प्रसिद्ध झाली. दोन वर्षांत फ्युमरेटवरच्या १६ टक्के रुग्णांना पुन्हा अटॅक आला, रिटुक्सिमॅबवर फक्त ३ टक्क्यांना.

म्हणून मज्जारज्जूत किंवा ब्रेनस्टेममध्ये (मेंदूच्या बुंध्यात) डाग असतील, वर्षात दोन अटॅक आले असतील किंवा पायातली ताकद पूर्ण परतली नसेल, तर मी रिटुक्सिमॅबच सुचवेन, तेही लवकर. गेलेली ताकद नंतर कुठल्याच औषधाने हमखास परत येत नाही. आजार सौम्य असेल, वारंवार छातीचा किंवा लघवीचा संसर्ग होत असेल, तर फ्युमरेट बरं. मूल हवं असेल तर डोस सुरू करण्याआधीच डॉक्टरांना सांगा. आणि काहीही निवडलंत तरी सहा महिन्यांनी एमआरआय कराच. नवे डाग बाहेर काही न जाणवताही पडत असतात.