सबटायटल एडिट सॉफ्टवेअर: आठ महिन्यांच्या कामानंतर

गेले आठ महिने मी विदर्भातल्या कापूस शेतकऱ्यांच्या मुलाखती यूट्यूबसाठी एडिट करते आहे. एकेक भाग साधारण ४० मिनिटांचा, बोली वऱ्हाडी, आणि सबटायटल दोन भाषांत: मराठी आणि इंग्रजी. मराठी मुलाखतीला मराठी सबटायटल कशाला, असं बरेच जण विचारतात. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी, आणि ज्यांच्या कानाला वऱ्हाडीची सवय नाही त्यांच्यासाठीही.

सुरुवात एका सशुल्क ऑनलाइन सेवेपासून केली होती. दुसऱ्याच भागात ‘वऱ्हाड’चं ‘वर्हाड’ झालं, ‘बऱ्याच’चं ‘बर्याच’. ‘दऱ्या’चं ‘दर्या’ झालं तेव्हा तर अर्थच गेला, डोंगराचा समुद्र झाला. कारण शोधायला दोन रात्री गेल्या. हा अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात खाली टिंब असलेला ऱ घेतात. दुसऱ्यात साध्या र्‌पुढे ‘झीरो विड्थ जॉइनर’ हे डोळ्यांना न दिसणारं अक्षर येतं. आमच्या लेखनिकाचा कीबोर्ड दुसऱ्या पद्धतीचा. ती सेवा फाइल साफ करताना न दिसणारी अक्षरं काढून टाकायची, आणि र चा रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसायचा. तक्रार केली, तर मजकुरात काही चूक दिसत नाही असं उत्तर आलं. मी वर्गणी बंद केली.

मग सबटायटल एडिटकडे वळले. डेन्मार्कच्या निकोलाय ओल्सन यांनी बनवलेलं हे सॉफ्टवेअर मोफत आणि मुक्तस्रोत आहे. मी ते विंडोजवर वापरते. पहिल्या दिवशी मेनू बघून दडपून जायला होतं, पण रोज लागतात ती पाच-सहाच कामं. त्यातलं ‘मल्टिपल रिप्लेस’ माझ्यासाठी सगळ्यात मोलाचं. र, हलन्त आणि जॉइनर असं दिसेल तिथे ‘ऱ्’ टाक, हा नियम एकदा लिहून ठेवला. आता फाइल आली की आधी हा नियम चालवते, मगच पुढचं काम.

दुसरी मोठी सोय वेव्हफॉर्मची. आवाजाची लाट डोळ्यांसमोर असते, त्यामुळे वाक्य कुठे सुरू झालं ते ऐकायच्या आधी दिसतं. शेतात वारा असला की लाट गढूळ होते, तिथे कानच लागतो. व्हिडिओ दाखवायला मी यात एमपीव्ही प्लेअर जोडला आहे. तो अक्षरं ‘लिबॅस’ या सबटायटल रेखाटणाऱ्या लायब्ररीने दाखवतो, आणि रील्ससाठी सबटायटल व्हिडिओत कायमचे छापायला मी एफएफएमपेग हे व्हिडिओवर प्रक्रिया करणारं मोफत साधन वापरते, तेही अक्षरांसाठी लिबॅसच वापरतं. म्हणून पडद्यावर जोडाक्षरं जशी तपासली तशीच छापून येतात. फॉन्ट ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा ‘मुक्त’. छोट्या मोबाइलवरही मात्रा एकमेकींत शिरत नाहीत.

ओळी तोडायचं काम मात्र मी यंत्राकडे देत नाही. सॉफ्टवेअर बहुतेक वेळा लांबी बघून ओळ तोडतं, आणि मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो. एका काकांचं वाक्य होतं, ‘आमी त्या कंपनीचं बियाणं घेत नाही’. आपोआप तोडल्यावर पहिल्या सबटायटलमध्ये राहिलं ‘आमी त्या कंपनीचं बियाणं घेत’ आणि ‘नाही’ गेलं पुढच्या सबटायटलमध्ये. ज्याला ऐकू येत नाही तो मधले दोन सेकंद काय समजेल? क्रियापद आणि ‘नाही’ एकाच पडद्यावर ठेवायचे, मग ओळ थोडी लांब झाली तरी चालेल. इंग्रजीसाठी ओळीला ४२ कॅरॅक्टरची मर्यादा नेटफ्लिक्सही पाळायला सांगतं. मराठीत तो आकडा डोळे मिटून लावू नका. युनिकोडच्या हिशोबाने ‘स्त्री’ हे एक जोडाक्षर म्हणजे ६ कॅरॅक्टर.

ऑटो ट्रान्स्क्रिप्शनचीही सोय यात आहे, बोलणं ऐकून मजकूर लिहिणारं ओपनएआयचं व्हिस्पर जोडता येतं. मी दोन-तीन वेगवेगळी मॉडेलं चालवून पाहिली. प्रमाण मराठी बोलणाऱ्या कृषी अधिकाऱ्याच्या मुलाखतीला उपयोग झाला. वऱ्हाडीत ‘मले’चं ‘मुले’ झालं, ‘येचाले’चं काहीच्या बाही. आता मॉडेलकडून फक्त वेळा घेते, शब्द हाताने टाइप करते. ४० मिनिटांना दीड दिवस लागतो. घाई असलेल्यांनी हे आधीच धरून चालावं.

एकदा शेवटाकडे सबटायटल बोलण्याच्या जवळजवळ अडीच सेकंद आधी येत गेले. व्हिडिओ सेकंदाला २९.९७ फ्रेमचा होता आणि बाहेरून आलेली फाइल ३० फ्रेम धरून बनवली होती. हजारात एकाचा फरक, पण ४० मिनिटांत तो साचतो. ‘पॉइंट सिंक’मध्ये पहिलं आणि शेवटचं वाक्य जागेवर बसवलं, मधली सगळी आपोआप बसली. पाच मिनिटांचं काम.

फाइल सेव्ह करताना एन्कोडिंग यूटीएफ-८ च निवडा, नाहीतर अख्खी मराठी प्रश्नचिन्हं होऊन येते. गाण्याचे शब्द एकेक करून रंगवायचे असतील तर एजिसब हे दुसरं मोफत सबटायटल सॉफ्टवेअर बघा. ज्यांचं एडिटिंग दा विंची रिझॉल्व्हमध्येच चालतं आणि छोट्या क्लिप्स असतात, त्यांना त्यातला सबटायटल ट्रॅक पुरेल. माझ्यासारख्या लांब, बोलीतल्या मुलाखती करणाऱ्यांना मी सबटायटल एडिटच सुचवेन. पुढच्या महिन्यात भंडारा-गडचिरोलीकडची झाडीबोली सुरू होते आहे. तिच्या शब्दांची यादी करायला घेतली आहे, आजवर ११२ शब्द झाले.