कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील ऑटो इलेक्ट्रिशियन: एअरबॅगच्या कामाचा अनुभव

डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा दिवा पेटतच राहिला आणि त्याच आठवड्यात हॉर्नही बंद पडला, तेव्हा मी आधी घराजवळच्या एका गॅरेजमध्ये गेलो होतो. तिथे दिवा विझवून मिळाला आणि हॉर्नसाठी डॅशबोर्डखाली वेगळे बटण बसले. उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी ते बटण पाहताच स्टिअरिंग उघडायचे ठरवले आणि थोड्या वेळाने एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरमधून निघालेला, टेप गुंडाळलेला एक रेझिस्टर (विजेला ठरावीक रोध करणारा छोटा भाग) माझ्या तळहातावर ठेवला.

एअरबॅगचे कंट्रोल युनिट पिशवी फुगवणाऱ्या सर्किटचा सुमारे 2 ओहमचा रोध सतत तपासत असते. तेवढाच रेझिस्टर लावला की युनिट फसते आणि दिवा विझतो. म्हणजे आईला शेजारी बसवून मी आंबा घाट उतरलो, तेव्हा माझ्यासमोरची पिशवी तारेला जोडलेलीच नव्हती. हे कळल्यावर माझे हात थरथरले.

खरा दोष स्टिअरिंगखालच्या क्लॉक स्प्रिंगमध्ये होता. गुंडाळलेल्या या चपट्या केबलमधूनच हॉर्न आणि एअरबॅग या दोन्हींच्या तारा जातात. मिस्त्रींनी स्टिअरिंगला हात लावण्याआधीच बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल काढून दहा मिनिटे थांबणे पसंत केले होते, कारण अपघातात बॅटरी तुटली तरी पिशवी फुगावी म्हणून युनिटमधील कपॅसिटर वीज साठवून ठेवतो आणि तीच वीज दुरुस्ती करणाऱ्याच्या जिवावर बेतू शकते. कनेक्टर सुटताच दोन्ही पिना आपोआप जोडणारी आतली बारीक पट्टीही त्यांनी टॉर्चच्या उजेडात दाखवली. तिच्यामुळे अंगावरच्या स्थिर विजेने पिशवी उडत नाही. काढलेली एअरबॅग त्यांनी टेबलावर तोंड वर करून ठेवली आणि तिला साधा मीटर लावला नाही. इतकी शिस्त मी क्वचितच पाहिली आहे.

नवा भाग यायला तीन दिवस लागले. हाताने लिहिलेल्या बिलात भागाचा क्रमांक नव्हता, तो मागून लिहून घ्यावा लागला. ही उणीव त्यांनी दूर करावी. स्कॅनरवरचे बिघाडाचे आधीचे आणि नंतरचे दोन्ही कोड मात्र त्यांनी न मागता दाखवले. किल्ली फिरवल्यावर दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे, तो मुळीच लागला नाही तर तोही बिघाडच समजावा, असे त्यांनी मला बजावून सांगितले. निघताना स्टिअरिंगवरचा हॉर्न मी स्वतः वाजवून पाहिला आणि डॅशबोर्डखालचे ते बटण त्यांच्याकडून काढून घेतले.