थंडरबर्डमध्ये तीन ईमेल खाती: आठ महिन्यांनंतर

नोकरीचं एक, घरचं एक आणि भाषांतराची कामं घेते त्यासाठी स्वतःच्या डोमेनवरचं (डोमेन म्हणजे पत्त्यातलं @ नंतरचं नाव) एक, अशी माझी तीन ईमेल खाती. आठ महिन्यांपूर्वी तिन्ही थंडरबर्ड या संगणकावरच्या ईमेल प्रोग्रॅममध्ये आणली. त्याआधी ब्राउझरमध्ये तीन टॅब उघडे असायचे. वैताग होता, पण ज्या टॅबमध्ये लिहिलं त्याच पत्त्यावरून मेल जायचा. सगळं एकाच खिडकीत आलं आणि ‘हा मेल कोणाच्या नावानं चाललाय?’ हा नवाच घोर लागला.

दुसऱ्याच आठवड्यात घोळ घातला. भाषांतराचं दरपत्रक नोकरीच्या पत्त्यावरून गेलं, खाली हुद्द्यासकट सही. ग्राहकानं साहजिकच त्याच पत्त्यावर उत्तर दिलं, आणि माझं खासगी काम ऑफिसच्या सर्व्हरवर जाऊन बसलं. चूक सर्वस्वी माझी.

मग हा प्रोग्रॅम पत्ता कसा निवडतो ते नीट पाहिलं. उत्तर देताना आलेल्या मेलच्या ‘टू’ आणि ‘सीसी’मध्ये आपला कोणता पत्ता आहे ते तो बघतो आणि त्याच पत्त्यावरून उत्तर लिहायला घेतो. इथे मला आजवर काही बदलावं लागलेलं नाही. (‘बीसीसी’नं आलेल्या मेलमध्ये आपला पत्ता त्या रकान्यांत नसतो, तेवढ्यापुरतं लक्ष ठेवायचं.) खरी मेख नव्या मेलमध्ये आहे. डावीकडे ज्या खात्याचा फोल्डर निवडलेला असेल, त्याच खात्यावरून नवा मेल सुरू होतो. दरपत्रक तिथेच फसलं: ऑफिसचा मेल वाचता वाचता मी नवा मेल उघडला होता. वेबपानावरच्या ईमेल दुव्यावर क्लिक केलं तर मात्र डिफॉल्ट, म्हणजे आपण मुख्य म्हणून ठरवून ठेवलेलं खातं येतं.

डिफॉल्ट म्हणून सगळ्यात जास्त वापराचं खातं ठेवायचं, असं मलाही आधी वाटायचं. आता चुकून वापरलं गेलं तरी कमीत कमी पंचाईत होईल, असं खातं मी तिथे ठेवलंय, म्हणजे घरचं. रजेचा अर्ज घरच्या पत्त्यावरून गेला तर साहेब फार तर हसतील. उलटं झालं तर हसू येत नाही, हे अनुभवानं सांगते.

सह्याही मुद्दाम वेगळ्या केल्या. ‘फ्रॉम’मधला पत्ता बदलला की सही आपोआप बदलते, त्यामुळे खालची सही हाच माझा पहारेकरी. ऑफिसची चार ओळींची, भाषांतराची दोन, घरची नुसतं नाव.

सगळ्यात जास्त दिवस खाल्ले ते जावक, म्हणजे मेल बाहेर पाठवणाऱ्या सर्व्हरनं. डोमेनच्या खात्याला मी चुकून घरच्या खात्याचा जावक (एसएमटीपी) सर्व्हर जोडून ठेवला होता. काही सर्व्हर दुसऱ्याच पत्त्याचा मेल घेतच नाहीत. माझ्यानं निमूट घेतला, म्हणून महिनाभर कळलंच नाही. ‘फ्रॉम’मध्ये पत्ता बरोबर दिसत होता, पण त्या डोमेनच्या एसपीएफ नोंदीत (त्या डोमेनचे मेल कोणते सर्व्हर पाठवू शकतात त्याची यादी) हा सर्व्हर नव्हता आणि डीकेआयएमची, म्हणजे पाठवणारा सर्व्हर मेलवर करतो ती डिजिटल सही भलत्याच डोमेनची होती. मेल घेणारा सर्व्हर करतो ती डीमार्कची तपासणी नेमकं हेच बघते: दिसणारा पत्ता आणि मागचा पुरावा एकाच डोमेनचे आहेत का? दोन ग्राहकांना माझे मेल स्पॅममध्ये सापडले. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूनं पाठवणाऱ्यांच्या पडताळणीचे नियम कडक केलेत, तेव्हा खातं जोडल्यावर त्याच्या सेटिंगमध्ये जावक सर्व्हर कोणता आहे, हे आधी बघा.

बिलांसाठी त्याच डोमेनवर दुसरा पत्ता हवा होता. त्यासाठी नवं खातं लागलं नाही. आहे त्याच खात्यात आणखी एक आयडेंटिटी (वेगळा पत्ता, नाव आणि सही) जोडली की ‘फ्रॉम’च्या यादीत दिसू लागते.

फोनवर दुसरं अ‍ॅप वापरते, नाव घेत नाही. त्यात ‘फ्रॉम’ची ओळ मिटलेली असते, बोट लावल्याशिवाय उघडत नाही. ग्राहकांना नवा मेल फोनवरून लिहिणं बंदच केलंय.

आता मजकूर आधी लिहिते आणि ‘टू’ सगळ्यात शेवटी भरते. ‘फ्रॉम’ त्याच्या बरोबर वर असतो, त्यामुळे नजर जातेच. तरी गेल्या महिन्यात बहिणीला ऑफिसच्या पत्त्यावरून, हुद्द्यासकट मेल गेलाच. तिचं उत्तर ‘आदरणीय मॅडम’पासून सुरू झालं.