बारावीला ‘आबिटूर’ म्हणावं का?

जर्मनमध्ये स्वतःच्या शिक्षणाबद्दल सांगताना आपल्यापुढे दोन वाटा असतात. एक तर बारावीला ‘आबिटूर’ (जर्मन शाळेची शेवटची परीक्षा) आणि डिप्लोमाला ‘डिप्लोम’ म्हणून मोकळं व्हायचं, नाहीतर आपलं नाव तसंच ठेवून पुढे एक वाक्य समजावून सांगायचं.

पहिली वाट सोपी आहे. बी-१च्या, म्हणजे जर्मन भाषेच्या मधल्या पातळीच्या, तोंडी परीक्षेत ती चालूनही जाते, कारण तिथे गुण भाषेला असतात, तुमच्या प्रमाणपत्रांना नाही. मुलाखतीत मात्र ती अंगाशी येते. आबिटूर झालेल्या मुलाला जर्मन विद्यापीठात जाण्याचा हक्क मिळतो. आपल्या नुसत्या बारावीवर ते दार सहसा थेट उघडत नाही. ‘डिप्लोम’चा घोळ याहून मोठा. दहावीनंतर तीन वर्षं पॉलिटेक्निक केलेला मुलगा ‘डिप्लोम’ म्हणाला, की ऐकणाऱ्याला विद्यापीठातली जुनी पदवी वाटते, आजच्या मास्टरच्या तोडीची. मनात काही नसताना कागद तपासणाऱ्याला तो खोटा वाटतो. मेहनतीने शिकलेल्या मुलावर ही वेळ यावी, याचं मला फार वाईट वाटतं.

दुसऱ्या वाटेला दोन वाक्यं पाठ करावी लागतात: ‘इश हाबे इन नाशिक आइन पॉलिटेक्निक-डिप्लोमा गेमाख्ट. दास डाउअर्ट द्राय यारे नाख डेअर त्सेन्टेन क्लासे.’ म्हणजे नाशिकला डिप्लोमा केला, तो दहावीनंतर तीन वर्षांचा असतो. ऐकणाऱ्याच्या मनात शंका उरत नाही. परदेशी पदवी मिळाली त्याच रूपात लावायची, असा जर्मनीतला नियमही आहे.

गुणांचंही तसंच. तिथे 1 सर्वोत्तम आणि 4 म्हणजे जेमतेम पास. 82 टक्के असतील आणि पासाची रेघ 40ला असेल, तर तिथल्या रूढ सूत्राने 1.9 येतात. पण आधी 82 टक्केच सांगा, मग 1.9, नुसतं 1.9 म्हटलं तर गुणपत्रिकेशी मेळ बसत नाही.

काही शब्दांत मात्र निवड नाहीच. शाळेतलं शिकणं ‘लेर्नेन’, ‘श्टुडीरेन’ फक्त विद्यापीठातलं. ‘होखशूले’ म्हणजे हायस्कूल नव्हे, तिथे पदवी मिळते; आणि ‘गिम्नाझियुम’ ही व्यायामशाळा नाही, शाळाच आहे. सालाआधी नुसतं ‘इन’ लावू नका. ‘इम यार 2019’ म्हणा.

परीक्षा पुढच्या आठवड्यात असेल तर पहिली वाट धरा. व्हिसा किंवा नोकरीसाठी तयारी चालली असेल, तर ती दोन वाक्यं आजच वहीत लिहून मोठ्याने म्हणायला लागा.